ती दिवेलागणीला येते

क्लेमेंटी, सिंगापूर
९ एप्रिल २००६

ती. आईस,
क्षिप्राचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं. मी ज्यांच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहते त्या साधनाताई म्हणतात, की आजच्या काळात आईला कागदावर पत्र लिहिणारी मुलगी त्यांनी फक्त सिनेमात पाहिली होती. त्यांचे यजमान पद्माकरराव बँकेत आहेत. दोघं पुष्कळ वर्षांपूर्वी इथले पीआर झाले. त्यामुळे माझ्या अर्जाची चौकशी त्या रोज करतात, आणि मी रोज तेच उत्तर देते.

ते उत्तर असं : अर्ज पडून आहे. पीआर म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी. गेल्या ऑक्टोबरात मी आणि ऑफिसमधल्या निहारने एकाच आठवड्यात अर्ज दिले. त्याला फेब्रुवारीत मिळाली. माझ्या नावापुढे 'पार्श्वभूमीची तपासणी पूर्ण नाही' एवढंच येतं. कारण विचारलं तर खिडकीवरची बाई नम्रपणे सांगते, की कारण सांगण्याची पद्धत नाही.

घाई मला एवढ्यासाठी आहे. आंग मो किओला मी ज्या कारखान्यात चिप तपासण्याचं काम करते, तिथला आमचा विभाग येत्या जानेवारीत बंद होऊन चीनला जातोय. माझा इथे काम करण्याचा पास या कंपनीला बांधलेला आहे. विभाग गेला की पासही जाईल. शेजारची दुसरी कंपनी मला घ्यायला तयार आहे, पण पीआर असेल तरच. म्हणजे डिसेंबरपर्यंत हा कागद आला नाही तर मला परत यावं लागेल. त्यात वाईट काय, असं तू लिहिशील. मला ते नको आहे. हे एकदाच लिहिते.

त्यांनी आता आपल्याकडच्या पोलिसांचा दाखला मागितला आहे. वकिलातीतून त्याचा कागद शिरगावला जाईल आणि एखादा हवालदार घरी येऊन विचारेल. आहे ते सांग : मुलगी जून २००२पासून सिंगापूरला असते. चहा दिलास तर दे, फराळाचं नको.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी. माया आहेच, ती पत्रातून मोजू नये.

क्षिप्रा


॥ श्री ॥

शिरगाव
२४ एप्रिल २००६

चि. क्षिप्रास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. आधी भांडण, मग बाकीचं. किती वेळा सांगितलं, कागदाच्या वर श्री लिहावं. बिनश्रीचं पत्र कुठलं असतं ते तुला माहीत आहे. तुझे बाबा गेले तेव्हाची सगळी कार्डं तूच लिहिलीस, मी तर पेनही धरू शकत नव्हते. ज्यांना ती मिळाली त्यांनी वाचून फाडून उंबऱ्याबाहेर टाकली असतील. अशी पत्रं घरात ठेवत नाहीत. आणि माझी लेक मला खुशालीची पत्रं तशीच पाठवते. पोस्टमनने पाकीट दिलं की माझा हात आधी गार होतो, मग तुझं अक्षर दिसतं. एका अक्षराने तुझं इंजिनियरिंग बाटत नाही.

हवालदार येऊन गेला. तरुण होता, साताऱ्याकडचा, बोलायला बरा. चहा दिला. फराळाचं दिलं नाही, चिवडा फराळात धरत नाहीत. त्याने विचारलं ते सांगितलं, त्याने लिहून घेतलं. काळजी करू नकोस, कागद जातो म्हणाला.

शेजारच्या नीलिमाकाकूंनी गच्चीवर पत्रा घातला, आता त्यांच्या पावसाचं पाणी आपल्या अंगणात. मी काही बोलले नाही, पाण्याने अबोली बरी येईल.

तुझ्या अंगठ्याला किती भाजलं आहे गं. ती निळी पट्टी काढ आणि मोकळं ठेव. हळद-तूप लाव. डाव्या हाताचं म्हणून दुर्लक्ष करशील.

आठवण ठेवावी असं मुलीला लिहायची वेळ येऊ नये, तरी लिहिते.

तुझी,
आई


क्लेमेंटी
७ मे २००६

ती. आईस,
क्षिप्राचा सा. न. वि. वि.

दोन प्रश्न आहेत. नेमकी उत्तरं दे.

पहिला, अंगठा. मार्चच्या शेवटी सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने डावा अंगठा भाजला. कारखान्यातल्या प्रथमोपचाराच्या पेटीत निळ्याच पट्ट्या असतात. हे मी तुला लिहिलेलं नाही. इथे फक्त साधनाताईंनी पाहिलं. त्यांच्याकडे तुझा पत्ता नाही आणि त्या खोटं बोलतील असं मला वाटत नाही. तुला कोणी सांगितलं?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. वकिलातीत गेले होते. तिथल्या माणसाने शिरगावहून आलेला अहवाल मला वाचून दाखवला आणि मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. अहवालात लिहिलंय, की अर्जदार मुलगी दिलेल्या पत्त्यावर आईसोबत राहते आणि चौकशीच्या वेळी घरी समक्ष आढळली. तो हसत म्हणाला, मग माझ्यासमोर कोण बसलंय? मी म्हटलं, चूक आहे. तो म्हणाला, चूक असेल, पण जिच्याबद्दल दोन ठिकाणांहून दोन उत्तरं येतात तिला दाखला देता येत नाही. तपासणी आता अडकली आहे ती याच्यावर.

आमच्या कामात एक चिप दोन मापं दाखवायला लागली तर आधी चिपवर संशय घ्यायचा नाही, ती जिच्यात बसवली ती खोबण पाहायची. म्हणून रागावून विचारत नाही. हवालदार आला तेव्हा घरात कोण होतं?

साधनाताई नमस्कार सांगतात. त्यांची एक तक्रारही आहे. रोज साडेनऊच्या सुमारास त्या जेवायला बोलवायला दार वाजवतात आणि मी ओ देत नाही, खोलीत दिवा असतो तरी. मला त्या वेळेला झोप लागते. काम उभ्याचं आहे. त्या म्हणतात, झोपलेलं माणूस निदान कूस तरी बदलतं.

तब्येत जप. बाकी सारं पूर्वीसारखंच समजावं.

क्षिप्रा


॥ श्री ॥

शिरगाव
२२ मे २००६

चि. क्षिप्रास अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरात कोण होतं म्हणून विचारतेस. तू होतीस.

नेमकं सांग म्हणतेस तर सांगते. हवालदाराने पायरीवर उभं राहून विचारलं, की तुमची मुलगी कुठे गेली. मी म्हटलं, असं तोंडातून काढू नये दादा. गेली म्हणत नाहीत. ती येते. तो म्हणाला, बरं, कधी येते? मी म्हटलं, रोज दिवेलागणीला. मग तो म्हणाला, की वेळ झालीच आहे, थांबतो, समक्ष पाहिलं म्हणजे लिहायला बरं. मी वाती करत होते. तू आलीस, चपला काढल्यास, आत जाऊन चहा टाकलास. त्याला तूच दिलास. त्याने नाव विचारलं, तू सांगितलंस. त्याने लिहिलं. यात चूक कुणाची मला कळत नाही.

तू आठव. निघालीस त्या दिवशी बॅगा रिक्षात ठेवून तू मला जाते म्हणालीस. लहानपणापासून तुझं तेच. येते म्हण म्हटलं की म्हणायचीस, मी चालले आहे, तर येते कसं म्हणू, ते चुकीचं आहे. त्या दिवशी मी फाटक धरून ठेवलं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. शेवटी तू येते म्हणालीस, माझ्याकडे न बघता, पण म्हणालीस. माणूस येते म्हणून निघालं की त्याला यावं लागतं. त्यासाठीच ते म्हणायचं असतं.

पहिली तीन वर्षं तू काही आली नाहीस. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून येतेस. मी घाबरले नाही. स्वतःच्या मुलीला कोण घाबरतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसतेस, मेथी निवडतेस, माझ्या कानाशी तोंड आणून बोलतेस, मशीन न लावता मला ऐकू येतं. काय काय सांगतेस. इथे असताना अख्ख्या वर्षात बोलली नव्हतीस तेवढं तू एका संध्याकाळी बोलतेस. अंगठ्याचं तूच सांगितलंस. मग उठतेस आणि न सांगता जातेस, तेवढं मात्र जुनंच.

डबा नीट खात जा. कृपा देवाची, हट्ट तुझा, दोन्ही सांभाळ.

आई


क्लेमेंटी
४ जून २००६

ती. निशिकांतमामांस,
क्षिप्राचा सा. न. वि. वि.

अवचित पत्र पाहून नवल वाटेल. सोबत आईच्या मेच्या पत्राची झेरॉक्स आहे. आधी ती वाचा.

तुम्ही साताऱ्याला, म्हणजे एसटीने तासाभरावर. एकदा शिरगावला जाऊन संध्याकाळी बसाल का? मला वाटतं ते असं. आईचे डोळे किंवा औषधं यांत काही गडबड आहे. किंवा कॉलनीतली एखादी मुलगी कामाला म्हणून येते आणि आई तिला माझं नाव देते. दुसरं असेल तर त्या मुलीची चौकशी करा, तिने हवालदाराला माझं नाव का सांगितलं तेही विचारा. तुम्ही वीज मंडळात जन्मभर मीटर तपासले. दाखवतो त्या आकड्यावर तुम्ही विश्वास ठेवत नाही, हे मला ठाऊक आहे.

आईच्या पत्रातली एक गोष्ट मी पडताळून पाहिली. पीआरचा अर्ज मी ज्या दिवशी दिला तो दसऱ्याचा दुसरा दिवस होता. योगायोग म्हणून नोंदवते. तिकडे दिवेलागण होते तेव्हा इथे साडेनऊ वाजलेले असतात, हीही नोंद.

तुम्हाला त्रास देते आहे. रागावलात तरी चालेल, पण जाऊन या.

क्षिप्रा


॥ श्री ॥

सातारा
२६ जून २००६

चि. क्षिप्रास निशिकांतमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून तुझ्या मामीने मला विचारलं, की ही भाची आहे की वरिष्ठ कार्यालय. मी म्हटलं, वरिष्ठ कार्यालय मुद्दे घालून लिहितं, ही त्याच्याही वर. असो. आज्ञेप्रमाणे शनिवारी शिरगावला गेलो.

अरुणाक्काचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. औषधाच्या गोळ्या पाकिटात बरोब्बर तेवढ्या आहेत. डोकं ताळ्यावर आहे. मला दोनदा हरवलं पत्त्यांत, आणि गमजा केल्या. कॉलनीत तशी कुठली मुलगी नाही. नीलिमाबाईंना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, क्षिप्रा असतेच की संध्याकाळी, पण बाहेर बोलत नाही, पहिल्यापासून शिष्टच.

संध्याकाळी मी ओसरीवर खुर्ची टाकून बसलो. काय पाहिलं ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर तू त्यातल्या वाक्यावाक्याला खूण करून परत पाठवशील. मी काय केलं ते लिहितो. मी माझ्या चपला बाजूला घेतल्या, तिला वाट व्हावी म्हणून. थोड्या वेळाने मला आतून सांगण्यात आलं, की मामा, पाय वर घ्या, फरशी ओली आहे. मी पाय वर घेतले. चहात साखर बेताची होती. माझी साखर कमी केलेली तुला माहीत नाही, हे माझ्या परतीच्या एसटीत लक्षात आलं.

मीटरचं म्हणतेस. खोटा मीटर मी लांबून ओळखतो. तो मीटर खोटा नव्हता.

आता कामाचं. चौकीवर जाऊन आलो. अक्काने येऊन नवा जबाब दिला, तर ते पहिला अहवाल रद्द करून दुसरा पाठवतील. साहेब सरळ आहे. पण त्याला 'येते-जाते' चालणार नाही, त्याला जबाबात स्पष्ट हवं, की मुलगी परदेशी गेली, इथे येत नाही, इथे राहत नाही. अक्का म्हणते, माझ्या तोंडून ते निघणार नाही. मी तिच्यावर जोर केला नाही, करणारही नाही. तुला सांगायचं तर तू सांग.

एक विचारतो, उत्तर नको. तिचं काय वाईट चाललं आहे, म्हणून हे बंद करायचं?

लहानपणी खांद्यावर बसायचीस त्या नात्याने लिहिलं. समजून घे.

निशिकांतमामा


क्लेमेंटी
१६ जुलै २००६

ती. आईस,
क्षिप्राचा सा. न. वि. वि.

मामांचं पत्र आलं. घरी कोण येतं याबद्दल मी वाद घालणार नाही. माझ्याकडे त्यासाठी साधन नाही.

मी इथे आहे, हे मात्र मी सांगू शकते. सकाळी दोन बस बदलून आंग मो किओला जाते. मोठ्या यंत्रासमोर उभी राहते. खालच्या हॉकर सेंटरमधली, खाण्याच्या गाळ्यावरची बाई मला पाहिलं की न विचारता भात आणि पालेभाजी वाढते. हे सगळं मी चार वर्षं जमवलं आहे, एकेक करून. इथे कुणी मला कमी बोलतेस म्हणत नाही. ते गेलं तर मला परत तुझ्या उंबऱ्यावर येऊन बसावं लागेल, आणि तिथे आधीच कोणी बसलेलं आहे. ती बरी बोलते असं तू लिहितेस. मी आले तर तुला दोघींतली कोण हवी असेल, हे मी विचारत नाही.

चौकीवर जा. मामांना बरोबर घे. साहेब विचारतील, मुलगी कुठे आहे. तू म्हण, ती गेली. एक क्रियापद आहे, भूतकाळी. व्याकरणाने ते खरं आहे. त्या शब्दाला आपल्याकडे दुसराही अर्थ आहे हे मला माहीत आहे, पण तो साहेबाच्या कागदावर उमटत नाही.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. हे मागते.

ती तिथे बसून काय बोलते ते मला लिही. नको, लिहू नकोस.

उत्तराची वाट पाहणं हाही नमस्कारच समजावा.

क्षिप्रा


शिरगाव
१८ सप्टेंबर २००६

क्षिप्रास,

तू सांगितलंस ते केलं. निशिकांत बरोबर होता. गणपती होऊ दिले, मग गेले. सणात ते बोलायला नको वाटलं.

चौकीत गर्दी होती. मला कमी ऐकू येतं म्हणून साहेब मोठ्याने विचारत होते आणि मीही मोठ्यानेच बोलले असेन. साहेबांनी विचारलं, मुलगी? मी म्हटलं, क्षिप्रा गेली. ते म्हणाले, येते का? मी म्हटलं, नाही, आता येत नाही. ते म्हणाले, सही करा. केली.

बाहेर बाकावर नीलिमाकाकूंचा दीर बसला होता, पाण्याच्या मोटारीच्या चोरीची तक्रार द्यायला आलेला. त्याने ऐकलं. आम्ही रिक्षाने घरी पोचेस्तोवर कॉलनीला कळलं होतं. दुपारी नीलिमाकाकू पिठलं-भात घेऊन आल्या. ताट झाकून आणलं होतं. माझ्याजवळ बसल्या, पाठीवरून हात फिरवला. मागून आणखी चार-पाच जणी आल्या. निशिकांत उठून सांगणार होता, की बायांनो, तसं नाही. मी त्याला हाताने थांबवलं. का थांबवलं सांगता येत नाही. मला वाटलं, त्यांना जे कळलंय ते मलाही अजून नीट कळायचं आहे.

मी पिठलं-भात खाल्ला. बाया उठल्या. कुणीही येते म्हणाली नाही. अशा घरातून निघताना म्हणत नाहीत. एकेक करून गुपचूप उठल्या आणि गेल्या.

संध्याकाळी दिवा लावला. मेथीची जुडी काढून ठेवली होती. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आज दहावा दिवस. जुडी पिवळी पडली, टाकली.

तुझा कागद आता येईल.

आई


॥ श्री ॥

क्लेमेंटी, सिंगापूर
१९ नोव्हेंबर २००६

ती. आईस,
क्षिप्राचा सा. न. वि. वि.

हे रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे, मध्येच हरवू नये म्हणून. वर श्री लिहिलं आहे. पाहिलंस?

तुझं सप्टेंबरचं पत्र मिळालं तेव्हा मी लिफ्टसमोर उभी होते. कागद उलगडला, वर श्री नव्हतं. नावाआधी चि. नव्हतं. पुढे आशीर्वाद नव्हते. मला वाटलं घाईत राहिलं. मग आठवलं, तू वाण्याच्या यादीवरही श्री लिहितेस. अशा पत्राचं काय करायचं ते तूच शिकवलंस. वाचून फाडायचं, घरात ठेवायचं नाही. ते मी फाडलं नाही. ते कुणाबद्दलचं आहे हे ठरल्याशिवाय फाडता येईना.

पीआर मिळाली. पोलिसांचा दाखला ऑक्टोबरात आला आणि मग तीन आठवड्यांत सगळं झालं. नव्या कंपनीचं पत्रही हातात आहे. साधनाताईंनी शिरा केला, पद्माकररावांनी हात जोडून इथल्या उकाड्यात कायमचं स्वागत आहे असं भाषण केलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल.

ओळखपत्रासाठी अंगठ्यांचे ठसे घेतात. काचेवर अंगठा ठेवायचा. उजवा चौथ्या वेळेला पुसट उमटला. डावा उमटलाच नाही. तिथली मुलगी चांगली होती, तिने मलम दिलं, पुसायला कागद दिला, काच बदलून पाहिली. भाजलेली जागा कधीच भरली आहे, तरी पडद्यावर राखाडी गोल येत राहिला, त्यात एकही रेष नाही. शेवटी तिने डाव्या अंगठ्याची खूण नाही अशी नोंद केली आणि म्हणाली, होतं असं कधी कधी, ओके लाह, म्हणजे चालतंय. तेव्हापासून लहानसहान गोष्टी होतात. आपोआप उघडणारी दारं मला मागच्या माणसासाठी थांबायला लावतात. हॉकर सेंटरमधली बाई परवा म्हणाली, काय हवं? तिने मला हे चार वर्षांत विचारलं नव्हतं.

आता मला साडेनऊला झोप येत नाही. मी त्या वेळी खोलीत बसून असते. कुठेतरी जायचं आहे आणि वाट आठवत नाही, असं वाटतं. आई, मी संध्याकाळी तिथे येऊन काय बोलत होते? आता लिही. मला कळायला हवं.

जानेवारीआधी सुट्टी आहे. एकोणीस डिसेंबरचं विमान घेतलं आहे. वीस तारखेला दिवेलागणीपर्यंत पोचेन. कॉलनीतल्या बायांना दाखव मला, त्यांना काय सांगायचं ते सांगू. तू फाटकाशी उभी राहा. मेथी आणून ठेव.

हे मी चुकीचं न समजता, कुणी धरून न ठेवता लिहिते आहे : मी येते.

चि. लिहीत जा.

तुझी,
क्षिप्रा


॥ श्री ॥

शिरगाव
१ डिसेंबर २००६

सिंगापूरच्या क्षिप्रास आशीर्वाद.

तुझं रजिस्टर काल आलं. मी आत होते. पोस्टमनकडून तूच घेतलंस. वरचं श्री पाहून हसलीस. त्याने सहीला वही पुढे केली, तर तुला काय खोडी सुचली, शाईच्या डबीत डावा अंगठा बुडवून ठसा उठवलास. तोही हसला, की ताई, शिकलेल्या ना तुम्ही? ठसा सुरेख आला. एकूण एक रेष दिसते.

तू परवाच्या मंगळवारी आलीस. येते म्हणून लिहिलंस आणि पत्राच्या आधी पोचलीस, तुझी घाई पहिल्यापासून अशीच. दिवेलागणीला आलीस, पण आता उठून जात नाहीस. रात्री तुझ्या खोलीत झोपतेस, सकाळी माझ्या आधी उठतेस. नीलिमाकाकू दाराशी आल्या, तुला पाहून रडायला लागल्या, मग साखर वाटली. निशिकांत येऊन गेला. तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

तुझं पत्र आपण दोघींनी मिळून वाचलं. तू इथे काय बोलायचीस म्हणून विचारतेस. तो प्रश्न वाचून इथली तू म्हणालीस, की तिला सांगू नकोस, ते तिला तेव्हा बोलायचं नव्हतं, आता ऐकून काय करणार. मग मलाही ते पटलं.

तरी हे पत्र घातलं. पाकिटावर तिकडचा पत्ता लिहिताना पेन अडलं, की मी लिहिते आहे ते कुणाला. तूच म्हणालीस, घाल, तिलाही कळायला हवं.

तेव्हा कळवते. वीस तारखेला येऊ नकोस. मी फाटकाशी उभी राहणार नाही. एका दारातून एकीनेच यावं. तुला हवं होतं ते मिळालं आहे, तिथे कायमची राहा, वेळेवर जेव, साधनाताईंना ओ देत जा. माझी काळजी करायला इथे तू आहेस.

आणखी एक. लहानपणापासून त्या शब्दावरून मी तुझ्याशी भांडले, फाटक धरून तुझ्याकडून तो वदवून घेतला. ते आता सोडलं. तुझं बरोबर होतं.

यापुढे तू जाते म्हणालीस तरी चालेल.

आई